तिचा बोर्ड, माझी डबी

आमच्या भावजयीबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, तेव्हा ते काम मी त्यांच्यावर सोडते. मला तिचा हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, आजही वाटतो. ती नुसती केस पुसत समोरून गेली तरी वाटतो. पण तिच्याबद्दल नीट काही सांगायचं तर मीच सांगू शकते, कारण घरी ती माझ्या धाकट्या भावाची बायको आणि ऑफिसात माझ्या पलीकडच्या टेबलावरची. सकाळी डबा भरताना तीच आणि दुपारी तो उघडताना तीच. त्या नोकरीची जागा रिकामी आहे हे तिला मीच सांगितलं होतं, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही.

अंगाने किरकोळ, भिंतीच्या कडेकडेने चालणारी. आवाज मात्र असा की पहिल्यांदा ऐकणारा इकडेतिकडे बघतो, मूल कुठे आहे म्हणून. बारीक, किनरा, कानात सुई घातल्यासारखा. फोनवर लोक तिला सांगतात, "बाळा, आईला दे जरा." ती पण गुणाची, "देते हं" म्हणते आणि फोन माझ्या हातात देते. ऑफिसात तिचं नाव पडलंय शिट्टी. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण ती वळली की कुणीतरी ओठांचा चंबू करतंच. मीही करते. माझी नक्कल सगळ्यांत झकास, असं सगळे म्हणतात.

आमच्या कंपनीत कानाची मशीनं बनतात. खिशात ठेवायची डबी, डबीतून निघालेली वायर आणि कानात घालायचं बटण. डबीच्या आत जो हिरवा सर्किट बोर्ड असतो तो ती आखते. बाहेरची डबी मी आखते.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, त्यात काय एवढं. अहो, त्यात असं की तिचं सॉफ्टवेअर वेगळं आणि माझं वेगळं. तिच्या स्क्रीनवर बोर्ड म्हणजे वरून पाहिलेला नकाशा, रंगीत रेघांचं जाळं. उंची हा प्रकारच नाही. माझ्या स्क्रीनवर मात्र प्रत्येक वस्तूला उंची हवी, जाडी हवी, पोट हवं, पाठ हवी. तिचा नकाशा माझ्याकडे यायचा तर मध्ये एक फाइल काढावी लागते. बोर्डाची कड कुठे, भोकं कुठे, कोणता भाग कुठे बसलाय आणि किती उंच आहे, हे सगळं त्या फाइलीत. मी ती उघडली की सपाट बोर्डावर एकेक भाग उभा राहतो आणि त्याच्याभोवती मी डबी बांधते.

मालकीही ठरलेली. कड आणि स्क्रूची भोकं माझी, बोर्डावरचे भाग तिचे. मी तिचा एखादा भाग हलवला तर तिच्या स्क्रीनवर निरोप जातो आणि ती 'मान्य' दाबते नाहीतर 'अमान्य'. तिने माझी कड हलवली तर तसंच मला. घरात अशी सोय असती तर मी दिवसभर अमान्यच दाबत बसले असते.

तिच्याआधी त्या जागेवर एक गृहस्थ होते. ते बोर्ड हातात आणून द्यायचे आणि म्हणायचे, "बघा बाई, तुमचं तुम्ही." मग मी कॅलिपरने एकेक भाग मोजायचा, एकेक ठोकळा बनवायचा. पाठ मोडून जायची, पण केलेलं माझं असायचं. ही आली आणि पहिल्याच फाइलीत ठोकळे गायब! सगळे भाग जसेच्या तसे. चिपवरची बारीक अक्षरं, बॅटरीच्या स्प्रिंगचे वेढे, सॉकेटची चकचकीत कड. प्रत्येक भागाचं मॉडेल तिने आधीच करून ठेवलेलं. माझं काम निम्मं झालं आणि डोकं दुप्पट तापलं. मीटिंगमध्ये माझी स्क्रीन भिंतीवर लावतात, आणि साहेबांचं पहिलं वाक्य काय असतं? "बाई, डबी जरा पारदर्शक करा हो, आतलं दिसू दे." म्हणजे मी डबीच्या कोपऱ्यांची गोलाई डोळे फुटेस्तोवर जमवायची, आणि मग ती काचेसारखी करायची, का, तर हिचा बोर्ड दिसावा. सगळे वा वा करतात. ही खाली मान घालून बसते. तिने मान वर काढली असती तर एकवेळ परवडलं असतं.

पण खरं सांगू? ऑफिसातलं सगळं मी गिळलं असतं. घरात अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. पत्र्याचे कारागीर. धुराडी, पिंपं, नळकांडी, झाकणाचे डबे. जन्मभर लाकडी हातोड्याने पत्रा ठोकला आणि पत्र्याने त्यांचे कान घेतले. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांचे आधी बारीक आवाज जातात, मग बाकीचे. मी लहानपणी त्यांच्याशेजारी बसून पत्र्याचं दुसरं टोक धरायची. सपाट पत्र्यातून डबा कसा उभा राहतो ते मी तिथे पाहिलं, आज मी जे करते ते तिथूनच आलंय. आई गेल्यावर तर घरात बोलायला आम्ही दोघंच, भाऊ आपला कायम गाडीवर, गावोगाव औषधं पोचवत. आणि मग हळूहळू माझं बोलणं त्यांना कळेनासं झालं. माझा आवाज दणदणीत. तो त्यांच्यापर्यंत पोचतो, पण नुसता गोंगाट म्हणून, शब्द नाहीत. ओठांवरून ओळखावं तर मी बोलते भरभर, तोंड फिरवून, आणि चिडलेली असले की दात आवळून. म्हणजे बहुतेक वेळा.

ही लग्न होऊन आली तेव्हा अण्णा जवळजवळ ठार बहिरे होते. पहिल्या आठवड्यातच ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली, तोंडावर उजेड येईल अशी, आणि बोलायला लागली. आवाज नाही. नुसते ओठ. सावकाश, गोल गोल. अण्णांना सगळं कळलं! एक शब्द सुटला नाही. मला वाटलं, ऐकूच येत नाही त्याच्यासाठी आवाज कशाला खर्च करा, असा हिशेबी स्वभाव असेल बाईचा. तेव्हापासून हे रोजचंच. मी स्वयंपाकघरातून बघते तर मागच्या खोलीत दोघं समोरासमोर, चिडीचूप, आणि मध्येच अण्णा खदखदून हसतात. काय बोललं गेलं ते मला कळायचा मार्ग नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापासमोर मीच बहिरी. वर दोघांचा एक धंदा समान निघाला, डाख लावायचा, म्हणजे कथील वितळवून जोड पक्का करायचा. ते पत्र्याला लावत आले, ही बोर्डावर लावते. त्यावर काय गप्पा! मला डाख लावता येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून नव्या मशीनचं काम आलं तेव्हा मी हट्टाने अंगावर घेतलं. मोठ्या आवाजाचं मशीन, अण्णांसारख्या कामगारांसाठीच काढलेलं. आमची आधीची मशीनं त्यांच्या कानांना पुरी पडत नव्हती. साहेब म्हणाले, "पहिला नमुना तुमच्या वडिलांनाच लावून बघू." मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, अण्णांच्या कानात पहिला आवाज माझा जाणार. त्यांना ऐकू यायला लागलं की मध्ये कुणाची गरज नाही. ओठ बघत बसायला नको आणि समोर खुर्ची ओढायलाही नको. माझे अण्णा मला परत.

डबी केली, थ्रीडी प्रिंटरवर तिचा नमुना छापून आला, आणि झाकण बसेना. एका कोपऱ्यात वर राहिलेलं. दाबलं तर कुरकुरतंय. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. शोधलं तेव्हा कळलं, वायर खुपसायचं सॉकेट. जुनं मिळेना म्हणून ऐनवेळी नवं घेतलं होतं, आणि हिच्या फाइलीत त्याची उंची भरायची राहिली होती. उंची शून्य, म्हणून माझ्याकडे ते टपाल तिकिटासारखं चपटं येऊन बसलेलं. एवढ्या गर्दीत कुणाच्या नजरेला आलं नाही. मी सॉफ्टवेअरला विचारलं होतं, कुठे काही अडतंय का? ते म्हणालं, काही नाही. चपट्या वस्तूला काय अडणार, कपाळ!

मी तोंड उघडणार तोच ही उभी राहिली. "माझी चूक आहे सर. उंची मी भरली नाही." तो आवाज ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, साहेबही हसले, आणि म्हणाले, "ठीक आहे, असं होतं कधीकधी." बघा! माझ्या हातून झालं असतं तर आठवडाभर ऐकवलं असतं. हिची चूकसुद्धा कौतुकाची.

मग मी ते सॉकेट उचलून खालच्या कडेला नेलं, तिथे जागा होती. निरोप पाठवला. उत्तर आलं, अमान्य. तिने आजवर माझं काही अमान्य केलं नव्हतं. मी पुन्हा पाठवलं. पुन्हा अमान्य. टेबल चार पावलांवर, पण मी उठून गेले नाही आणि तीही आली नाही. घरी जेवताना मात्र हळूच म्हणाली, "ताई, सॉकेट वरच हवं. अण्णा डबी शर्टाच्या खिशात ठेवणार. वायर खालून निघाली तर खिशात दुमडते, आठवड्यात तुटेल."

"अण्णांचा खिसा तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

"मग झाकणाला तेवढ्यापुरता उंचवटा द्या ना."

"माझ्या झाकणाला टेंगूळ आणू?"

 अण्णा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर घरी आले तर मागच्या खोलीतून ठकठक. कितीतरी वर्षांनी तो आवाज. बघते तर अण्णा फरशीवर बसलेत, मांडीशी पत्रा, आणि पत्र्याचं दुसरं टोक हिने धरलंय. मधे तिचा बोर्ड, खरा, नव्या सॉकेटसकट. अण्णा त्याच्या मापाची डबी वळत होते आणि झाकणाच्या कोपऱ्यावर हातोड्याने हलके हलके उंचवटा काढत होते. ती माझी जागा होती हो. ते टोक माझं होतं.

मी जी सुटले! "ऑफिसातली वस्तू घरी कशी आणलीस? माझं काम तू परस्पर अण्णांकडून करून घेतेस? बोर्ड तुझा, आता डबीही तुझी, घर तर तुझं आहेच. मी कुठे जाऊ ते तरी सांग!"

"सरांना विचारून आणला, ताई. डबी तुमचीच आहे. मी फक्त बोर्ड घेऊन बसले होते," ती म्हणाली.

अण्णांना माझा नुसता गोंगाट पोचला असणार. त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालं?" विचारलं कुणाला? मला नाही. तिला! म्हणजे माझ्याच बापाला माझं बोलणं ही सांगणार. मी जळफळत उभी राहिले. तिचे ओठ हलले, सावकाश, गोल गोल. अण्णांचा चेहरा फुलला. माझ्याकडे बघून म्हणाले, "आवडली ना? घडी अजून जमते गं मला. तू म्हणतेस ते खरं आहे, हात विसरत नाही."

मी असलं काही म्हटलं नव्हतं. आता अण्णांना काय सांगायचं आणि कसं? मी आत जाऊन तोंड धुतलं. नंतर त्या पत्र्याच्या झाकणाची मापं घेतली आणि माझ्या डबीला झक मारत उंचवटा दिला. तिच्याकडून उत्तर आलं, मान्य.

रविवारी मशीन घरी आलं. मी तिला आधीच बजावलं, "पहिल्यांदा मी बोलणार." ती म्हणाली, "तुम्हीच, ताई," आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. भाऊही होता. अण्णांच्या कानात मी स्वतः बटण बसवलं, डबी त्यांच्या खिशात सरकवली, सुरू केली. काय बोलायचं ते मी कधीचं घोकून ठेवलं होतं. ऐनवेळी एक अक्षर आठवेना. नुसतं "अण्णा, मी आहे" एवढंच बाहेर पडलं.

अण्णा दचकले. मग म्हणाले, "मग ओरडतेस कशाला? आहेस की समोर." आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. मला रडू आलं, ते मी पदराआड वगैरे केलं नाही, सरळ रडले. अण्णा नळाचं टपटप ऐकत होते, खुर्ची सरकवून बघत होते, स्वतःच खोकून बघत होते. मग मागे वळून भावजयीला म्हणाले, "ये, आता तू बोल."

ती पुढे आली. ओठ हलवले. आवाज नाही.

अण्णांनी डबी खिशातून काढून हलवली. "बंद पडलं गं."

"नाही अण्णा, चालू आहे," मी म्हणाले.

"तुझं येतंय. हिचं येत नाही." त्यांनी आवाज वाढवला, मशीन किंचाळलं, कमी केला. ती पुन्हा ओठ हलवत होती. भाऊ म्हणाला, "अगं, बोल ना तोंडाने, काय करतेस?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं या माणसाशी बोलताना हिने आवाज काढलाच नव्हता. काटकसर कसली! या जगात तिचा आवाज न ऐकलेला हा एकच माणूस होता, आणि त्याच्यासमोर ती मोकळेपणाने वाटेल ते बोलायची. त्याच माणसाला ऐकू यावं म्हणून हिने स्वतःच्या हाताने बोर्ड आखला, डाख लावले, सॉकेटसाठी माझ्याशी भांडली. मला तिची दया यायला हवी होती. खोटं कशाला बोलू, आधी आनंद झाला. म्हटलं, आता कळेल.

"अण्णा, चहा टाकू?" ती शेवटी म्हणाली. तोच आवाज, भीतीने आणखी बारीक झालेला.

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. सगळे हसतात, अगदी सगळे. अण्णांच्या ओठांची कड जरा हलली, मग थांबली. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "टाक. साखर बेताची." बास.

त्यानंतर अण्णा माझे झाले. सकाळी उठले की बटण कानात, डबी खिशात. मी ऑफिसातून आले की त्यांच्याजवळ बसते, साहेब काय म्हणाले, कोण कुणावर खेकसलं, सगळं सांगते. ते मध्येच टोकतात, "तुला कुणी मध्ये पडायला सांगितलं होतं?" म्हणतात, आम्ही भांडतो, पुन्हा बोलतो. हेच तर मला हवं होतं. भावजय त्यांच्या खोलीत यायची कमी झाली. चहा ठेवते आणि जाते. त्यांनी काही विचारलंच तर मानेने हो किंवा नाही. खुर्ची भिंतीला लागली ती लागलीच. मला वाटलं, चला, ज्याचं त्याच्या जागी आलं.

परवा संध्याकाळी मी अण्णांना एका गिऱ्हाइकाची गंमत सांगत होते. अगदी रंगात आले होते. ती घड्या केलेले कपडे घेऊन आली, आम्ही बोलतोय बघून दारातच थबकली आणि परत फिरली. अण्णांनी मला हाताने थांबवलं आणि तिला हाक मारली. मग डबी खिशातून काढली, बंद केली. कानातलं बटण काढलं, वायर नीट गुंडाळली, सगळं उशीपाशी ठेवलं आणि भिंतीकडच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. बस.

ती कपडे मांडीवर घेऊन बसली. वरच्याच कपड्याची घडी मोडली, पुन्हा घातली. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना कसली घाई नव्हती. मग तिचे ओठ हलायला लागले. आधी चाचरत, मग भराभर, हात, भुवया, सगळं बोलायला लागलं, आणि अण्णा खदखदून हसले.

"अण्णा, माझं सांगून व्हायचंय अजून," मी म्हणाले. चांगली मोठ्याने म्हणाले.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. माझं ऐकायला अण्णांना मशीन लागतं. तिचं ऐकायला ते मशीन काढून ठेवतात.